छकुली मुसफ्फाला येण्याआधी

मुसफ्फा, अबुधाबी
२० एप्रिल

चि. बाळू,

छकुलीचा आणि तिच्या आईचा व्हिसा झाल्याचं कळलं, घरात सगळ्यांना आनंद झाला. तुझी सुट्टी संपून जूनच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही तिघं मिळून याल, असं धरून मी शाबिया भागात घर बघून ठेवलं आहे. एक बेडरूम, हॉल, किचन आणि छोटी बाल्कनी. खाली ग्रोसरी आहे, क्लिनिक चालत जाण्यासारखं आहे, आणि तुझ्या वर्कशॉपची बस कोपऱ्यावरूनच सुटते. भाडं तुझ्या पगारात बसेल. भाडेकरार तुझ्या नावावर व्हायचा आहे. तो होण्याआधी एक गोष्ट लिहून कळवायची, म्हणून हे पत्र.

तू सिगारेट ओढतोस हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. आजवर तू कंपनीच्या रूमवर राहत होतास. तिथे सगळे मोठे बापे होते. जूनपासून तुझ्या घरातल्या हवेत एक वर्षाची छकुली श्वास घेणार आहे. म्हणून तुझा मोठा भाऊ या नात्याने, आणि इथल्या घरांच्या एसीचं काम करणारा माणूस म्हणूनही सांगतो. नव्या घरात तंबाखूचा धूर एकदाही होता कामा नये. बाल्कनीत नाही, बाथरूममध्ये नाही, ती झोपल्यावरही नाही. फोनवर हा विषय काढला की आजूबाजूला माणसं असतात आणि बोलणं अर्धवट राहतं. म्हणून कारणांसकट सगळं लिहितो आहे. रात्री निवांत वाच आणि छकुलीच्या आईलाही वाचून दाखव.

आधी माझ्या कामातलं सांगतो. इथला उन्हाळा तुला नवा नाही. जून ते सप्टेंबर दुपारी पारा कित्येकदा पंचेचाळीसच्या वर जातो, रात्रीही तो फारसा उतरत नाही, त्यात समुद्राची दमट हवा आणि मुसफ्फाच्या इंडस्ट्रियल एरियाची धूळ. तेव्हा या घराची खिडकी चार महिने उघडणार नाही. तू दिवसभर वर्कशॉपमध्ये असशील, पण त्या दोघी जवळजवळ चोवीस तास त्याच बंद हवेत राहतील.

ती हवा फिरते कशी, ते बघ. तुझ्या फ्लॅटमध्ये डक्टचा एसी आहे. पॅसेजच्या फॉल्स सीलिंगवर एक फॅन कॉइल युनिट बसवलं आहे आणि त्याच्या खाली हवा आत ओढणारी जाळी, तिला आम्ही रिटर्न म्हणतो. हॉलची हवा, बेडरूमची हवा, दाराच्या फटीतून येणारी हवा, सगळी त्या एकाच जाळीतून वर जाते, थंड होते आणि डक्टमधून दोन्ही खोल्यांत परत सोडली जाते. हे तासाला कितीतरी वेळा होतं. गच्चीवरच्या टाकीत रंग पडला, तर किचनचा नळ साफ आणि बाथरूमचा नळ रंगीत असं होत नाही. तसंच हॉलमध्ये ओढलेली सिगारेट बेडरूममधल्या पाळण्यापर्यंत पोचते. दार लावून घेतलं तरी पोचते.

स्प्लिट एसी असता तरी फरक पडला नसता. भिंतीबाहेर लावलेलं युनिट खोलीतली उष्णता बाहेर टाकतं, हवा नाही. ‘एसी चालू आहे, धूर निघून जाईल’ असं मला कितीतरी घरांतून ऐकायला मिळतं, आणि प्रत्येक वेळी समजावून सांगावं लागतं की एसी धूर बाहेर नेत नाही, तो घरभर फिरवतो. फिल्टरची जाळी वाळू, कापसाचे तंतू, केस अडवते. सिगारेटच्या धुराचे कण एक मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, ते त्या जाळीतून आरपार जातात. निकोटीनची वाफ आणि कार्बन मोनॉक्साइड यांना तर जाळी आहे की नाही याने काही फरक पडत नाही. बाजारात महागडे एअर प्युरिफायर मिळतात. ते काही कण धरतात, पण वायू बहुतांशी तसेच राहतात.

घरात ओढणाऱ्यांचे एसी मी उघडतो तेव्हा कॉइलवर पिवळट तपकिरी चिकट थर असतो. केमिकलने धुतला तरी वास पुरता जात नाही. पहिला भाडेकरू निघून गेलेला असतो, आणि नवीन आलेलं कुटुंब विचारतं, एसी चालू केला की वास कसला येतो? जो थर ॲल्युमिनियमला आणि तांब्याला बसतो, तो गालिच्याला, सोफ्याला, पडद्यांना आणि भिंतींनाही बसतो. छकुली आता रांगते आहे. तिचे हात दिवसभर जमिनीवर असतात आणि क्षणाक्षणाला तोंडात जातात.

हे माझ्या एकट्याचं मत नाही. एसीच्या धंद्यात जिचे नियम जगभर पाळले जातात, त्या ॲशरे या अमेरिकन अभियंत्यांच्या संस्थेने २००५ साली स्पष्ट सांगितलं की तंबाखूच्या धुराचा आरोग्याला असलेला धोका हवेची कुठलीही यंत्रणा बसवून दूर करता येत नाही. घरात किंवा इमारतीत न ओढणं हाच एक परिणामकारक उपाय आहे. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या अहवालाने तेच वैद्यकीय बाजूने मांडलं. दुसऱ्याच्या धुराची ‘इतका चालेल’ अशी कुठलीही पातळी नाही.

आता बाल्कनी. तू तीच सोय धरून बसला असशील. किचनची चिमणी आणि बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन घरातली हवा बाहेर ढकलतात, आणि तेवढी हवा फटींतून, सरकत्या दाराच्या खालून आत ओढली जाते. बाल्कनी जवळ असली की धूरही तिथूनच आत येतो. ओढून झाल्यावर काही वेळ तुझ्या श्वासातून धूर येतच राहतो, आणि शर्टाला, केसांना, बोटांना लागलेलं तर बराच काळ राहतं. तू आत येऊन तिला उचललंस की ती तुझ्याच छातीला तोंड लावणार.

शेजाऱ्यांचाही विचार कर. रक्तातल्या कोटिनिन या घटकावरून शरीरात किती निकोटीन गेलं ते मोजता येतं. अमेरिकेत २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांच्या स्वतःच्या घरात कुणीच ओढत नव्हतं अशा मुलांचं कोटिनिन त्यात तपासलं होतं. स्वतंत्र घरांत राहणाऱ्या मुलांपेक्षा इमारतींतल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांमध्ये ते ४५ टक्के जास्त निघालं. भिंतीपलीकडच्या घरातून एवढं येत असेल, तर आपल्याच हॉलमधून किती येईल?

आता तिच्या शरीरात काय होतं ते. मोठा माणूस मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. एक वर्षाचं मूल त्याच्या दुप्पट घेतं. वजनाच्या मानाने तिच्या फुप्फुसात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त हवा जाते. तिच्या श्वासनलिका अरुंद आहेत. थोडी सूज आली तरी वाट बंद व्हायला वेळ लागत नाही. नळ्यांच्या आत बारीक केसांसारखे तंतू असतात, कफ वर ढकलणं हे त्यांचं काम, आणि धूर त्यांनाच मंद करतो. कानाला घशाशी जोडणारी नळी लहान मुलात आखूड आणि आडवी असते. तिथे सूज आली की कानात पाणी साठतं, कान फुटतो, ऐकू कमी येतं, आणि बोलायला शिकायच्या वयात ऐकू कमी आलं की बोलणंही मागे पडतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट चिकटतो. वाढत्या शरीराला लागणारा ऑक्सिजन तेवढा कमी पोचतो.

शिवाय तिची फुप्फुसं अजून पुरी झालेली नाहीत. ज्या सूक्ष्म फुग्यांमधून ऑक्सिजन रक्तात जातो, ते जन्माच्या वेळी मोठ्यांच्या मानाने थोडेच असतात. बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत तयार होतात. तू तिला मुसफ्फाला आणतो आहेस ते नेमकं त्याच वर्षांत.

२००६ च्या त्या अहवालात लहान मुलांच्या नावावर लिहिलेली यादी अशी आहे: झोपेत अचानक होणारे तान्ह्या बाळांचे मृत्यू, न्यूमोनिया आणि छातीचे इतर आजार, कानाचे आजार, दम्याचे जास्त वेळा आणि जास्त जोराने येणारे झटके, आणि फुप्फुसांची मंदावलेली वाढ. २०११ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात जगाचा हिशेब छापून आला. २००४ या एका वर्षात दुसऱ्याच्या धुराने सुमारे सहा लाख माणसं गेली आणि त्यांत २८ टक्के मुलं होती. स्वतःच्या हाताने काडी पेटवण्याचं ज्यांचं वय नव्हतं, ती ही मुलं.

तू विचारशील, वाढीचं काय? अंगणवाडीत छकुलीचं कार्ड आहे. त्यावरच्या ज्या रेषांशी ताई तिचं वजन ताडून बघते, त्या रेषा जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली दिलेल्या आहेत. मुलं नीट वाढली तर कशी वाढतात हे ठरवण्यासाठी सहा देशांतली सुमारे साडेआठ हजार मुलं त्यासाठी मोजली होती. त्यात दिल्लीची होती, आणि इथून जवळच असलेल्या मस्कतचीही. निवडीच्या अटींमध्ये अंगावरच्या दुधाची अट होती आणि आईने तंबाखू ओढलेली नसावी अशीही अट होती. चांगल्या वाढीचा नमुना काढताना आईच्या धुराला जागाच ठेवलेली नाही. मूल ओमानचं असो की नॉर्वेचं, घरात पोटभर अन्न, आईचं दूध आणि धूर न ओढणारी आई असेल तर ते जवळपास सारखंच वाढतं, हे त्या कामातून दिसलं. उंची केवळ रक्तावर जाते, हा आपल्याकडचा समज लहान वयाच्या बाबतीत बराचसा चुकीचा आहे.

धूर वाढ कशी रोखतो, याचे तीन रस्ते मला समजले.

पहिला पोटातला. गरोदरपणी आई ओढत असेल तर बाळाचं वजन सरासरी दोनशे ग्रॅमच्या आसपास घटतं. आई ओढत नसेल, पण घरात दुसऱ्याचा धूर तिच्या श्वासात जात असेल, तरी ते काही प्रमाणात घटतंच. २००८ साली बरेच अभ्यास एकत्र करून काढलेली ती घट ३३ ग्रॅम आहे. आकडा लहान वाटतो. पण अडीच किलोच्या काठावर जन्मणाऱ्या आपल्याकडच्या बाळांना तो काठ ओलांडायला तेवढं पुरतं. तुम्ही पुढे दुसऱ्या मुलाचा विचार कराल तेव्हा हे ध्यानात असू दे.

दुसरा रस्ता आजारपणाचा. मूल पहिल्या वर्षात सुमारे पंचवीस सेंटिमीटर वाढतं, दुसऱ्यात बारा. इतक्या वेगाने ते पुढे कधीच वाढत नाही. त्या काळात महिन्याआड ताप, खोकला, कान, पुन्हा खोकला असं चालू राहिलं तर भूक मरते, खाल्लेलं तापाशी लढण्यात जातं, आणि एक आजार भरून निघायच्या आत दुसरा येतो. त्या महिन्यांची वाढ पुढे मिळेलच याची खात्री नसते.

तिसरा रस्ता फुप्फुसांचा. अमेरिकेत ईस्ट बोस्टन भागात ११५६ मुलांची फुप्फुसं सात वर्षं मोजत राहिले. तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची आई ओढत होती, त्यांच्या फुप्फुसांच्या ताकदीत पाच वर्षांत जेवढी वाढ अपेक्षित होती, त्यापेक्षा सुमारे सात टक्के कमी झाली. तिकडे आई ओढत होती म्हणून आईचं मोजलं. आपल्याकडे बाप ओढतो. एका बंद घरात त्याने फार फरक पडेल असं मला वाटत नाही.

उंचीबद्दल मात्र मी वाढवून सांगणार नाही. ब्रिटनमध्ये १९५८ च्या मार्चमधल्या एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला गेला. १९७३ साली बटलर आणि गोल्डस्टीन यांनी लिहिलं की गरोदरपणी दिवसाला दहा किंवा अधिक सिगारेट ओढणाऱ्या आयांची मुलं अकराव्या वर्षी सरासरी एक सेंटिमीटर बुटकी होती, आणि वाचनात व गणितात तीन ते पाच महिने मागे होती. इंग्लंड-स्कॉटलंडच्या दुसऱ्या एका पाहणीत घरात ओढणारी माणसं जितकी जास्त, तितकी मुलं थोडी बुटकी आढळली. ओढणाऱ्यांची घरं पुष्कळदा गरीबही असतात. म्हणून गरिबीचा, आईबापांच्या उंचीचा वाटा वजा करून बघावं लागतं, आणि तो वजा केल्यावर उंचीतला फरक लहान राहतो. पण छातीचा, कानाचा, दम्याचा फरक लहान नाही. आणि ज्या कारणाने मूल वारंवार आजारी पडतं ते कारण घरातून काढायला एक सेंटिमीटरचा पुरावा कशाला हवा?

तू म्हणशील, बाबांनी जन्मभर विडी ओढली आणि आपण दोघं तर धडधाकट वाढलो. बाबा ओढायचे ते ओट्यावर. आपलं घर कौलारू, कौलांच्या फटींतून आभाळ दिसायचं, सोप्यातून परसापर्यंत वारा मोकळा. रात्री झोपायला सोडलं तर आपण घरात असायचो कधी? ते घर आणि मुसफ्फाचा बंद फ्लॅट यांची तुलना करता येत नाही. शिवाय जी मुलं न्यूमोनियाने गेली, त्यांना कुणी दाखला म्हणून पुढे करत नाही. दाखले नेहमी वाचलेल्यांचेच असतात.

आणि आपण निपाणीचे. आपल्या गावाने तंबाखूवर पोट भरलं. हे लिहिताना मी ते विसरलेलो नाही. १९८१ मध्ये तंबाखूला भाव मिळावा म्हणून शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन शेतकरी पुणे-बंगलोर रस्त्यावर बसले आणि त्यांच्यावर गोळीबार झाला, ते बाबा डोळ्यांत पाणी आणून सांगायचे. वखारींमध्ये तंबाखू चाळणाऱ्या बायकांवर पुढच्याच वर्षी युगांतर या गटाने माहितीपट केला. जर्द्याच्या धुळीत त्या दिवसभर कशा काम करायच्या, हे गावात कुणाला माहीत नाही? ज्यांनी हे पीक काढलं आणि कुटलं त्यांनीच त्याची सगळ्यात जास्त किंमत मोजली. त्या गावच्या पोरांनी तरी ते आपल्या लेकरांच्या छातीत जाऊ देऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

आईचंही सांगून ठेवतो, कारण थंडीत ती तुमच्याकडे दोन महिने राहणार आहे. तिला मिश्रीची सवय आहे. ती तव्यावर तंबाखू भाजते, तो धूरही तंबाखूचाच. इथल्या किचनमध्ये ते चालणार नाही, हे तिला मीच समजावीन, ते काम तुझ्यावर टाकत नाही. मिश्रीला आपल्याकडे कुणी व्यसन म्हणत नाही. पण मुंबईत प्रकाश गुप्ता यांनी गरोदर बायकांची पाहणी केली आणि २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापली. मिश्रीसारखी न ओढायची तंबाखू वापरणाऱ्या बायकांची बाळं सरासरी १०५ ग्रॅम हलकी आणि सहा दिवस आधी जन्मली होती. छकुलीच्या आईला कुणी दातदुखीवर मिश्री सुचवली तर तिने ती लावू नये. आणि डबी, पुडी, पाकीट मुलीच्या हाताला लागेल असं कधीच ठेवायचं नाही. एवढ्या लहान मुलाच्या पोटात तंबाखू गेली तर विषबाधा होते.

सिगारेट सोडून शिशा, म्हणजे हुक्का, चालेल का, हे तुझ्या मित्रांपैकी कुणीतरी सुचवेलच. सफरचंदाचा, पुदिन्याचा वास येतो म्हणून लोक तो घरातही लावतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्येच सांगितलं होतं की तासाभराच्या शिशात एका सिगारेटच्या शंभर ते दोनशे पट धूर आत घेतला जातो. वर कोळसा जळतो तो वेगळा, त्याचा कार्बन मोनॉक्साइड बंद घरात साठतो. मदवाख, म्हणजे इथली छोटी चिलीम, तीही नको. व्हेपच्या वाफेतही बहुतेक वेळा निकोटीन असतं, आणि त्याची रंगीत बाटली मुलांना खाऊ वाटते.

इथला कायदाही माहीत करून घे. अमिरातीच्या २००९ च्या तंबाखू कायद्याखालच्या नियमांप्रमाणे बारा वर्षांखालचं मूल गाडीत असताना ओढायला बंदी आहे. २०१६ चा बालहक्क कायदा त्याच्याही पुढे गेला. मूल असेल त्या वाहनात, मग ते खासगी का असेना, आणि बंदिस्त जागेत ओढणं त्याने गुन्हा ठरवलं. या कायद्याला लोक वदीमा कायदा म्हणतात. वदीमा ही बापाच्या छळाने मेलेली आठ वर्षांची मुलगी. तिच्या नावाच्या कायद्यात मुलांसमोरच्या धुरालाही जागा मिळाली, यावरून या देशाने तो किती गंभीर मानला ते तुझ्या लक्षात येईल. पण तू कायद्याला भिऊन नको, मुलीसाठी थांब.

पैशाचं थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०१७ पासून इथे तंबाखूवर शंभर टक्के कर आहे. तुझ्या पाकिटांचा महिन्याचा खर्च कागदावर मांड, आणि त्याच्या समोर अंडी, दूध, मासे, फळं आणि डॉक्टरची फी लिही. बांगलादेशात २००१ साली असाच हिशेब कुणीतरी मांडला होता. गरीब घरातला बाप रोज तंबाखूवर घालवतो तेवढ्या पैशात एक-दोन मुलांच्या ताटात पाचशेहून जास्त उष्मांकांची भर पडू शकते, असं त्यातून निघालं. इथे कुटुंब घेऊन राहायचं तर प्रत्येक दिरहम मोजावा लागतो, हे मी तुला वेगळं सांगायला नको.

आता यातली चांगली बाजू. धूर थांबला की मुलं सावरतात, आणि लवकर सावरतात. स्कॉटलंडमध्ये मार्च २००६ ला सार्वजनिक जागी ओढायला बंदी आली. त्याआधी दम्याने दवाखान्यात भरती होणाऱ्या मुलांची संख्या दर वर्षी पाच टक्क्यांनी वाढत होती. बंदीनंतर ती दर वर्षी अठरा टक्क्यांनी घटू लागली. २०१४ साली अनेक देशांतले असे अभ्यास एकत्र केले, तेव्हा अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं आणि मुलांच्या दम्याच्या भरती, दोन्ही सुमारे दहा टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. बंदी हॉटेलांत आणि कचेऱ्यांत होती, तरी फायदा घरातल्या मुलांना झाला. आपल्या देशातही २००९-१० मध्ये निम्म्याहून जास्त मोठी माणसं घरात दुसऱ्याचा धूर घेत होती. २०१६-१७ च्या पाहणीत हे प्रमाण ३८.७ टक्क्यांवर आलं. म्हणजे हे होऊ शकतं, लाखो घरांनी करून दाखवलं आहे.

म्हणून माझं मागणं एवढंच की तू फक्त घराबाहेर ओढायचं ठरवू नकोस, सोडूनच दे. आणि विमानात बसायच्या आधी सोड. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड जातात, चिडचिड होते, झोप लागत नाही, डोकं दुखतं. तीन-चार आठवड्यांत जोर ओसरतो. ते दिवस निपाणीत काढलेस तर आई आहे, शेत आहे, सकाळी उठून चालायला मोकळा माळ आहे. इथे पहिल्याच आठवड्यात नवं घर, ड्यूटी आणि रडणारं मूल सांभाळताना ते कठीण जाईल. मेच्या पहिल्या रविवारी सुरुवात कर. सिगारेटच्या पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी फोन फुकट आहे, लाजू नकोस, लाव. निकोटीनचा पॅच किंवा च्युइंगम डॉक्टरला विचारून घे; एकट्याच्या जिद्दीपेक्षा औषधाची आणि माणसाची साथ असली की सोडणाऱ्यांपैकी जास्त जण टिकतात. पुन्हा एखादी ओढलीस तर तिथेच हरलो म्हणून सोडून देऊ नकोस, दुसऱ्या दिवशी परत थांब.

सोडायला त्याहून जास्त वेळ लागला तर तोवर असं कर. ओढायचं ते बिल्डिंगच्या खाली, रस्त्यापलीकडे. घरात आल्यावर शर्ट बदलायचा, हात-तोंड धुवायचं, आणि मगच तिला उचलायचं. मित्रांपैकी कुणी घरी आलं तर त्यांनाही तोच नियम, आणि तो नियम तू सांगायचास. तुझ्या बायकोला पाहुण्यांसमोर अवघडल्यासारखं होता कामा नये. गाडीत तर कधीच नाही, काच खाली केली तरी नाही. अगरबत्तीही बंद घरात दिवसभर नको, संध्याकाळच्या दिव्याला समई पुरे. नोव्हेंबरमध्ये हवा थंडावली की रोज सकाळी खिडक्या उघडत जा.

तुम्ही यायच्या आधी मी त्या फ्लॅटचं युनिट स्वतः उघडून कॉइल धुऊन घेणार आहे, डक्ट तपासणार आहे आणि नवीन फिल्टर बसवणार आहे. आधीच्या भाडेकरूचं काही राहिलं असेल तर ते निघेल. पडदे आणि गालिचा मालकाकडून बदलून मागतो. माझ्याकडून होईल ते सगळं करून ठेवतो. बाकीचं तुझ्याकडून हवं.

उत्तर लिहिशील तेव्हा सुरुवातीची तारीख ठरली की नाही ते कळव. सोबत छकुलीच्या कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठव, जन्मापासूनची वजनं, उंची आणि झालेल्या लसी दिसतील असे. इथल्या क्लिनिकमध्ये पहिल्या तपासणीला ते विचारतात, आणि पुढची नोंद त्याच्या पुढेच सुरू करता येईल.

आईला नमस्कार, छकुलीला पापा.

तुझा,
दादा